शेंगांना वेगळं बसवा

शिवकन्येच्या तोंडाला लागू नये असं गावातल्या सगळ्या बायका म्हणतात, आणि ब्लाउज शिवायला सगळ्या तिच्याकडंच जातात. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की लगेच कुणाला तरी वाटणार, आपल्यावर आलं. पायी अर्ध्या तासावर संतपूरची बस मिळते, एवढं पुरे. शिवकन्या मशीनवर बसली की एकीशी मराठीत बोलते, दुसरीचं माप कन्नडात घेते आणि दारावरून जाणाऱ्या भाजीवाल्याला दखनीत दम देते, पण टाका मात्र कधी वाकडा पडत नाही. तिचा नवरा धम्मानंद बसवकल्याण-उमरगा गाडीवर कंडक्टर आहे. तो कमी बोलतो. घरात एक माणूस एवढं बोलत असताना दुसऱ्यानं बोलायचं कधी, हा त्याचा प्रश्न आहे आणि मला तो पटतो.

ह्या दोघांना एक मुलगी, संघमित्रा. घरी तिला मित्रा म्हणतात. मित्रा साडेचार वर्षांची होईपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग येळवस आली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रं राहत नाही, सगळे शेतात. भज्जी, आंबील, उंडे आणि शेंगांची पोळी. त्या वर्षी धोंडप्पाअण्णांनी शिवकन्येच्या घरच्यांना आपल्या शेतात जेवायला बोलावलं होतं. मित्रानं शेंगांची अर्धी पोळी खाल्ली आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं नजर. एक बाई तर मीठ-मिरच्या शोधायला उठली. धोंडप्पांनी मात्र काही न बोलता पोरीला उचलून जीपमध्ये टाकलं आणि अशी जीप हाणली की त्यांच्या पायातली एक चप्पल आजतागायत सापडलेली नाही. संतपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं मांडीत सुई दिली, म्हणून पोर हाताला लागली.

पुढं बिदरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून कागदावर लिहून दिलं की शेंगदाणा ह्या मुलीला विष आहे. कणभरसुद्धा नको. पुढच्या वेळी ह्याच्याहून जोरात उठू शकतं. तातडीच्या सुईची डबी दिली आणि ती पोरीच्या जवळपास नेहमी ठेवा म्हणाले.

आता बिदर जिल्ह्यातल्या घरातनं शेंगा काढायच्या म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या भाजीत कूट शेंगांचं, चटणी शेंगांची, सणाची पोळी शेंगांची. पाहुणा आला की पुढं भाजलेल्या शेंगा ठेवायच्या आणि निघाला की पिशवीत ओल्या शेंगा घालायच्या. शिवकन्येनं एका दुपारी घरातले सगळे डबे घासून उन्हात टाकले आणि सांगून टाकलं, आजपासून कारळाची चटणी, नाहीतर जवसाची. हे सगळ्यात जड गेलं तिच्या सासूला, चांगुणाबाईला. नातीवर जीव होता, पण जीभ अडुसष्ट वर्षांची होती. पहिला महिनाभर ती कारळाच्या चटणीकडं बघून नुसती उसासे टाकायची. मग तिनं आपली सोय केली. मूठभर भाजलेल्या शेंगा कनवटीला लावायच्या, गावाबाहेरच्या लिंबाखाली बसून खायच्या, हातपंपावर हात धुऊन चूळ भरायची आणि काही झालंच नाही अशा तोंडानं घरी यायचं. शिवकन्येला हे ठाऊक होतं. शिवकन्येला सगळंच ठाऊक असतं, पण इथं तिनं तोंड उघडलं नाही.

दीड वर्ष गेलं. मित्रा सहा वर्षांची झाली आणि शाळेचा प्रश्न आला.

गावात सरकारी मराठी शाळा आहे. दुपारचं जेवण शाळेतच शिजतं, शिजवते सिद्धव्वा, आणि सिद्धव्वाच्या कुठल्याही भाजीत हात घातला तर कूट लागणार. शिवाय आठवड्यात अंड्याचे दिवस असतात. आमच्या गावात अंडं न खाणारी घरं जास्त, त्या पोरांना त्या दिवशी चिक्की. म्हणजे वर्गभर शेंगाच शेंगा.

शिवकन्या डॉक्टरांचा कागद घेऊन मुख्याध्यापक अमृतप्पा सरांकडं गेली. अमृतप्पा सर म्हणजे फार सज्जन माणूस. कपाळावर विभूती, शर्टाला इस्त्री, घंटेच्या आधी पाच मिनिटं हजर. ते जगात एकाच गोष्टीला भितात, ती म्हणजे चौकशी. त्यांनी कागद दोनदा वाचला, घाम पुसला आणि म्हणाले की जेवायच्या सुट्टीत मुलीला घरी न्या, घर काही लांब नाही. शिवकन्या म्हणाली, मग चिक्कीच्या हातांनी पोरं तिच्या पाटीला हात लावतील त्याचं काय? सरांनी कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, एक-दोन वर्षं घरीच ठेवा, जरा मोठी झाली की आणा. हे वाक्य शिवकन्येसमोर बोलायला नको होतं.

त्या दिवशी ती संध्याकाळभर काही बोलली नाही. धम्मानंद घाबरला. त्याच्या गाडीनं रोज एक वकील उमरग्याला जातात. दुसऱ्या दिवशी तिकीट फाडता फाडता त्यानं त्यांना सगळं सांगितलं. वकील म्हणाले, सहा ते चौदाच्या मुलाला सरकारी शाळा नाही म्हणू शकत नाही, तसा कायदाच आहे. तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याकडं लेखी अर्ज करा, डॉक्टरांचा कागद जोडा आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका, हे त्यांनी उतरताना पुन्हा सांगितलं.

शिवकन्येनं एक पानभर अर्ज लिहिला. मराठीत. तो घेऊन तालुक्याला गेली. तिथल्या कारकुनानं तो मन लावून वाचला, चांगला लिहिलाय म्हणाला, पण इथं फाईल कन्नडात चालते, कन्नडात आणा. आता इथं घोडं अडलं. शिवकन्या कन्नडात तासभर भांडू शकते, पण लिहायचं म्हटलं तर आपली सही सोडून काही येत नाही. धम्मानंदला गावांच्या पाट्या वाचण्यापुरतं येतं. गावात कन्नड अक्षर कुणाचं चांगलं, असं विचारलं तर लहान पोरगंही सांगेल. लग्नाच्या पत्रिकेपासून शेताच्या मोजणीपर्यंत सगळे कागद अमृतप्पा सर लिहून देतात.

दुसरं कुणी असतं तर आडवळणानं गेलं असतं. शिवकन्या रविवारी सकाळी थेट सरांच्या ओसरीवर जाऊन बसली.

"सर, तुमच्यावरच अर्ज करायलाव," ती म्हणाली. "तेवढा कन्नडात लिवून द्या."

सरांनी तिच्याकडं बघितलं, अर्जाकडं बघितलं, आणि चष्मा लावला. आतून चहा आला. सर लिहायला लागले आणि लिहिता लिहिता त्यांच्यातला मास्तर जागा झाला. हे वाक्य ढिलं आहे म्हणाले. नुसतं 'मुख्याध्यापकांनी नकार दिला' असं चालणार नाही, 'कोणतेही लेखी कारण न देता नकार दिला' असं पाहिजे, नाहीतर साहेब मलाच सोडून देतील. शेवटी त्यांनी स्वतःवर असा काही अर्ज लिहिला की शिवकन्येलाच त्यांची कीव आली. सही घेताना ते म्हणाले की वरनं हुकूम आला तर मलाही बळ येईल हो बाई, मी तरी कुणाच्या जिवावर हे सगळं अंगावर घेऊ? त्यांचं हे बोलणं खरं होतं.

तीन आठवड्यांनी कन्नडात हुकूम आला, आणि सरांनीच खाली त्याचं मराठी करून दिलं. मुलीला शाळेत घ्यावं, डॉक्टरांच्या सूचना पाळाव्यात आणि मुख्याध्यापकांनी तिच्या जेवणाची सुरक्षित व्यवस्था करावी. शिवकन्येनं तो कागद मशीनच्या वर भिंतीला टाचला आणि आलेल्या प्रत्येक बाईला वाचायला लावला. वाचता न येणाऱ्या बायकांना तर दोनदा वाचून दाखवला. मित्राच्या दप्तराला सुईच्या डबीसाठी खास खिसा शिवला, आणि मित्रा शाळेत जायला लागली. घरात आनंदीआनंद.

आठवा दिवस. संध्याकाळी मित्रा आईची रिकामी रिळं घेऊन शाळा-शाळा खेळत होती. सात-आठ रिळं तिनं भिंतीकडंला ओळीत मांडली आणि एक उचलून लांब उंबऱ्यावर ठेवलं. चांगुणाबाई शेजारीच भाकरी खात बसली होती. तिनं विचारलं, "ते एकलं कामून बसवलंस गं?"

"ती मी हाय," मित्रा म्हणाली. "मी वरांड्यात बसती. मला नवी चटई हाय. माझ्या ताटाला लाल ठिपका हाय. माझी बिनकुटाची भाजी येगळी हाय, सिद्धव्वा ती वरनं वाढती, ताटाला पळी लागू देत न्हाई. मला कुणी शिवायचं न्हाई, सरांनी सांगितलंय."

तिनं हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. स्वतःची चटई असणं तिला आवडलं होतं.

चांगुणाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. तिचं माहेर गावातलंच, ती ह्याच शाळेत दुसरीपर्यंत शिकली होती. तेव्हा शाळेत भुकटीचं दूध वाटायचे. "आमी बी त्याच वरांड्यात बसायचो," ती म्हणाली. "आमच्या गिलासाला बी खूण व्हती. वरनंच वतायचे." एवढं बोलून ती भाकरी तशीच ठेवून उठली. अकरा वर्षं ह्या घरात नांदून शिवकन्येला हे कधी कळलं नव्हतं. धम्मानंदला शाळेत घालायला सासू का गेली नव्हती, झेंड्याच्या दिवशीही ती शाळेच्या फाटकाबाहेरनंच का परत यायची, ते तिला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत शिवकन्या शाळेकडं निघाली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. काय काय बोलायचं ते तिनं वाटेवर जुळवून ठेवलं होतं, आणि ते मी इथं लिहीत नाही. फाटकातनं आत गेली तर समोर वरांडा. नव्या चटईवर मित्रा मांडी घालून बसलेली. सिद्धव्वा कंबरेत वाकून, श्वास रोखून पळी वर धरून वाढायली होती, एक थेंब इकडचा तिकडं होऊ नये म्हणून. आणि अमृतप्पा सर हुकुमाचा कागद हातात घेऊन राखणीला उभे. शिवकन्येला बघून त्यांचा चेहरा फुलला. बघा, म्हणाले, सगळं नियमाप्रमाणं. ताटसुद्धा नवं आणलंय, मी स्वतः खूण केली.

एवढ्या भाबड्या तोंडाच्या माणसावर ओरडायचं कसं? शिवकन्येनं जुळवलेली सगळी वाक्यं बाजूला ठेवली. ती चटईवर पोरीशेजारी बसली.

"सर, माझी सासू ह्याच वरांड्यात बसली व्हती," ती म्हणाली. "मित्राएवढी असताना. तिच्या गिलासाला बी खूण व्हती. तिला काय शेंगा बाधत नव्हत्या."

सरांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांच्या पाठीमागं ऑफिसात बसवण्णांचा फोटो होता. दर वर्षी बसवकल्याणला सरांच्या घरचे दासोहाच्या अन्नदानात वाढायला जातात, तिथं पंगतीला बसलेल्या कुणालाही तू कोण म्हणून विचारत नाहीत, आणि सर ते पोरांना वर्गात अभिमानानं सांगतात. सरांनी चष्मा काढला. सिद्धव्वानं पळी बादलीत सोडली आणि ती खाली जमिनीवरच बसली.

"माझ्या डोक्यात फक्त शेंगा होत्या हो, बाई," सर म्हणाले.

"मला ठाव हाय. म्हणून तर मी वरडले न्हाई. पण माझ्या पोरीला वेगळं बसवू नका सर. बसवायचंच असंल तर शेंगांना वेगळं बसवा."

बोलणं सोपं होतं, पण शाळेचा कारभार पालकांच्या समितीच्या हातात, आणि समितीचे अध्यक्ष कोण, तर धोंडप्पाअण्णा, ज्यांची सहा एकर शेंगा आहे. शनिवारी बैठक भरली. एक जण म्हणाला, एका पोरीपायी सत्तर पोरांनी चिक्की सोडायची व्हय? दुसरा म्हणाला, केळी सडतात, आणायची कुणी? सिद्धव्वा मधेच उठली आणि म्हणाली, कूट नसलं तर माझी भाजी होत न्हाई असं कोण म्हणतंय, त्यानं पुढं यावं. कुणी पुढं गेलं नाही. मग सर उभे राहिले. चौकशीला भिणाऱ्या ह्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या हातनं चूक झाली, आणि ती मी ठरावात माझ्या हातानं लिहिणार आहे. 

आता सगळे धोंडप्पांकडं बघायला लागले. धोंडप्पा पंच्याने मान पुसत होते. शेंगांनी काय गुन्हा केलाय, असं काहीतरी ते पुटपुटले. शिवकन्येला वाटलं, गेलं आता. इथं हात वर झाले नाहीत तर पोरगी सोमवारी परत वरांड्यात, नाहीतर घरात. तिनं आवाज खाली घेतला.

"अण्णा, ती पोळी तुमच्याच शेतातली व्हती. आन् जीप बी तुमीच हाणली व्हती."

धोंडप्पांनी पायाकडं बघितलं. ती हरवलेली चप्पल आठवली की काय कोण जाणे. त्या रस्त्यावर मागं पोरीचा श्वास वाजत होता, तो त्या माणसानं सगळ्यात जवळून ऐकला होता. "माझ्या शेंगा बाजारात जातील की," ते म्हणाले, आणि हात वर केला. मग बाकीचेही झाले. कुणी मनानं केला, कुणी शेजाऱ्याकडं बघून केला, पण सगळे झाले.

ठराव सरांनी कन्नडात लिहिला आणि खाली मराठीतही. शाळेच्या फाटकाच्या आत शेंगा नाहीत, डब्यात नाही, खिशात नाही. चिक्कीच्या जागी केळी. सुईची दुसरी डबी ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप नाही. संघमित्रा सगळ्यांबरोबर पंगतीत. शिवकन्या ठरावाची प्रत घेऊन तालुक्याला गेली आणि पोच घेऊनच परत आली. संतपूरहून नर्सबाई येऊन सर, सिद्धव्वा आणि एक शिक्षिका अशा तिघांना सुई द्यायला शिकवून गेल्या. शिकायला वांगी घेतली होती. सरांनी पहिल्याच वांग्याला सॉरी म्हटलं. चौथ्या वांग्यापर्यंत त्यांचा हात बसला. ताटावरचा लाल ठिपका त्यांनी स्वतः विटकरीनं घासून काढला आणि ते ताट बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं.

पुढच्या रविवारी सर शिवकन्येच्या दारात. ब्लाउजाचं काही काम असेल असं वाटलं, पण ते चांगुणाबाईसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की उद्या शाळेत जेवायला यायचं. चांगुणाबाई म्हणाली, माझं काय काम तिथं, मी काय पोर हाय? सर म्हणाले, दुसरीनंतर तुमचं नाव कुणी कमी केल्याचं मला रजिस्टरात दिसत नाही. हे खरं होतं की नाही, देव जाणे. शिवकन्येनं विचारलं नाही.

सोमवारी चांगुणाबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं. शिवकन्या सोबत होती. शाळेच्या फाटकाशी आल्यावर म्हातारी थांबली. आत पोरं ओळीनं बसली होती, मित्रा मधे बसून शेजारची जागा हातानं अडवून होती. म्हातारी काही हलेना.  साठ वर्षांचं थांबणं आहे, आपण ढकलून काय होणार, असं शिवकन्येच्या मनात आलं आणि ती चक्क गप्प राहिली.

चांगुणाबाईनं कनवटीला हात घातला. मूठभर भाजलेल्या शेंगा बाहेर काढल्या, सुनेकडं न बघता फाटकाबाहेरच्या शेळीपुढं टाकल्या आणि कनवट दोनदा झटकली. मग नळावर जाऊन हात धुतले, चूळ भरली, आणि दोन्ही तळवे सिद्धव्वासमोर धरले. सिद्धव्वानं बघून मान हलवली. मग ती पंगतीत जाऊन नातीशेजारी बसली. शिवकन्येला रडू यायला लागलं आणि तिनं ते येऊ दिलं.

वाढायला सर स्वतः आले. भात, आमटी, कडंला कारळाची चटणी. चांगुणाबाईनं चटणी बोटावर घेऊन चाखली. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं.

"घरच्यापरीस बरी हाय," ती म्हणाली. "आजून वाढा."

सर वाकले, आणि वाढताना पळी ताटाला लागली.